हबीबची झडती

अनसिंगहून पैनगंगेच्या अंगानं खाली उतरलं की बोरखडकी लागते. त्या गावात बैलाला साज हवा असला तर माणूस सरळ हबीबच्या ओट्यावर जायचा. झूल शिवावी हबीबनं, कवड्यांची माळ ओवावी हबीबनं, शिंगांना बेगड चिकटवावी तर तीही त्यानंच. त्याच्या स्वतःच्या दारात मात्र बैलाचं शेपूटसुद्धा नव्हतं. पोरं चिडवायची, "हबीबभाई, तुमचा पोळा म्हंजे लोकाच्या लग्नात वाजंत्र्याचा मान." तो सुई तोंडात धरून हसायचा आणि म्हणायचा, "वाजंत्र्यालेच आधी जेवाले भेटते, बाबू." ते खरं नव्हतं, सगळ्यांना ठाऊक होतं, पण उत्तर फक्कड म्हणून लोक ते दुसऱ्या गावात जाऊन सांगायचे.

हबीबची जीभ अशी तयार झाली त्याला कारण झडती. वऱ्हाडातला पोळा झडतीशिवाय फुटत नाही, म्हणजे बैल सुटत नाहीत. तोरणाखाली बैल ओळीनं उभे राहिले की एकेक जण पुढे होतो आणि चार-सहा जुळवलेल्या ओळी खच्चून म्हणतो. पाटलाला, सावकाराला, सरकाराला, जावयाला, ज्याला जे वर्षभर तोंडावर म्हणायची छाती होत नाही ते त्या दिवशी बैलाच्या आडून म्हणून घ्यायचं. ओळी संपल्या की सगळं गाव 'हर हर महादेव' अशी आरोळी देतं. आरोळी उठली की झडती पास झाली, आणि मग ती म्हणणाऱ्याची राहत नाही, गावाची होते. पुढल्या वर्षी ती कुणीही म्हणावी.

हे हबीबला बापाकडून आलेलं. अठ्ठेचाळीसच्या पोळ्याला नदीपल्याड निजामाची मोगलाई पेटलेली होती. रझाकारांच्या भीतीनं पल्याडची माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन बोरखडकीत येत होती, आणि जे सांगत होती ते ऐकून गावातल्या तरण्यांची डोकी फिरली होती. गावात मुसलमानाचं घर एकच. पोळ्याच्या दिवशी बाप धाकट्या हबीबचा हात धरून तोरणाखाली गेला. बापानं झडती म्हटली. तिचा अर्थ एवढाच की मारायचं असेल तर उद्या मारा, आज आधी झुली घेऊन जा, नाहीतर महादेवाचे बैल उघडे फिरतील. मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि आरोळी उठली. त्या रात्री त्यांच्या घराला कुणी हात लावला नाही. बाप मरेपर्यंत सांगत असे, आपल्याले पोलिसानं नाही वाचवलं, आपल्याले झडतीनं वाचवलं. हबीबनं ते वाक्य गाठीला बांधून ठेवलं, आणि त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची चूक तिथंच होती असं म्हणायला हरकत नाही.

बापानं आणखी एक नेम घालून दिला होता. लोकाच्या छपरावर ठिणगी टाकायची असेल तर आधी आपल्या छपरावर टाकावी. म्हणून हबीबच्या प्रत्येक झडतीत आधी हबीबचंच हसं व्हायचं. स्वतःची फाटकी विजार, स्वतःचं टक्कल, स्वतःची कोरडी चूल, आणि मग कुठं पाटील. त्यामुळे त्याचा राग कुणी धरत नसे.

त्याची बायको शाहजादी कारंज्याची. नाव शाहजादी आणि माहेर पिंजाऱ्याचं, यावर तिनं स्वतःच इतके विनोद केले होते की दुसऱ्याला जागाच उरली नव्हती. बोलायला फटकळ, मनानं मऊ. त्यांची पहिली पोर दोन वर्षांची होऊन गोवरानं गेली. तिचा पाळणा, लाकडी, हिरव्या रंगाचा, हबीबनं हातानं गोंडे लावलेला, आढ्याला तसाच टांगलेला होता. शाहजादी दर जुम्म्याला तो पुसायची. दुसरं होईल, दोघांचंही वय गेलेलं नव्हतं.

आणीबाणीच्या दुसऱ्या हिवाळ्यात हबीब घुंगरं आणायला जवळच्या मालेगावच्या बाजारात गेला. त्या दिवसांत वरून आकडे आले होते, अमुक इतकी माणसं नसबंदीला आणा म्हणून. ज्याला आपली खुर्ची टिकवायची होती तो माणसं हुडकत होता. मारोतराव हे त्या भागातले जुने पुढारी. त्यांचा ट्रक बाजाराच्या तोंडाशी उभा होता. म्हातारे, पोरसवदा, बिनलग्नाचे, जो हाताला लागला तो आत. हबीबनं सांगितलं, मला एकही लेकरू नाही. लिहून घेणारा म्हणाला, "सगळे असंच सांगते." कुठल्याशा शाळेच्या वर्गात बाकं जोडून टेबल केलं होतं. भिंतीवर बाराखडीचा तक्ता होता. हबीबला तेवढंच आठवत होतं, बाकीचं आठवायची त्याची इच्छा नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला तेव्हा त्याच्या हातात सरकारनं बदल्यात दिलेला तुपाचा डबा होता. शाहजादीनं डब्याकडे पाहिलं, त्याच्या चालण्याकडे पाहिलं, आणि तिला काही विचारावं लागलं नाही. तिनं डबा मागच्या दारी नेऊन उपडा केला. तूप गल्लीतल्या कुत्र्यांनी चाटलं. मग तिनं दार लावून घेतलं आणि म्हणाली, "हे या उंबऱ्याच्या भाईर जाऊ नये. माह्या जिवाची आन हाये तुमाले." हबीबनं मान हलवली.

त्यानं शब्द पाळलाही असता. पण पुढल्या मार्चात दिल्लीचं राज्य पडलं, लोकांच्या तोंडातला बोळा निघाला, आणि जो तो चावडीवर आपला ट्रक, आपला वर्ग, आपला डबा सांगू लागला. हबीब ऐकायचा आणि गप्प राहायचा. आत मात्र ओळी जुळत होत्या. झूल शिवताना, पाणी भरताना, नमाजाला बसल्यावरसुद्धा त्या येऊन उभ्या राहायच्या. त्यानं शाहजादीचं नाव त्यात घातलं असं म्हणणं खरं नाही. ते नाव आपणहून येऊन बसलं, आणि काढून पाहिलं तर झडती लंगडी व्हायची. बापाचा नेमही होताच, आधी आपलं छप्पर. त्यानं तिला विचारलं नाही, कारण ती नाही म्हणेल हे त्याला माहीत होतं.

त्या वर्षीच्या पोळ्याला तो तोरणाखाली गेला आणि म्हणाला:

"बाजारात गेलो होतो आणाले घुंगरं,
मलेच दोर लावला जसं मोकाट ढोरं.
गोऱ्हा ठेचला त त्याले ढेप तरी भेटे,
हबीब ठेचला, तुपाचा डबा, चूल नाही पेटे.
शाहजादीचा पाळना रिकामा, त्यात वाळू घाला कांदे,
राजा म्हने परजा सुखी, अन् परजेचे झाले वांदे!"

आधी हसू उठलं, कारण खच्ची केलेल्या बैलांच्या पोळ्यात माणसानं स्वतःला ठेचलेला गोऱ्हा म्हणवून घ्यावं हे कुणी ऐकलेलं नव्हतं. मग पाळण्याची ओळ आली आणि हसता हसता लोकांची तोंडं बदलली. गर्दीत ट्रकमधून नेलेले आणखी तिघं-चौघं होते. एकानं मुंडासं डोळ्यांना लावलं. आणि मग जी आरोळी उठली तिनं बैल बुजले, त्यातल्या दोघांनी कासरे तोडले. हबीब मधोमध उभा होता. वर्षभरात पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं. आपलं दुखणं एवढ्या लोकांनी उचलून धरलं, आता त्याचं ओझं ते काय राहणार, असं त्याला वाटलं.

शाहजादी घरी भाकरी थापत होती. आरोळी ऐकून तिला वाटलं, कुणाची तरी झडती चांगली साधली. शेजारची रंगूबाई धावत आली, पदरानं डोळे पुसत, कौतुकानं म्हणाली, "शाहजादी, वो शाहजादी, तुह्यं नाव घेतलं वो हबीबभाईनं! आख्खं गाव रडलं तुह्या पाळन्यापाई!" तव्यावरची भाकरी जळाली. शाहजादीनं ती काढली नाही.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती बोलेनाशी झाली. ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि पाळण्याकडे तोंड करून बसायची. पाणवठ्यावर बाया तिला पाहून हळहळायच्या, आणि ती हळहळ तिला शिवीसारखी लागायची. गल्लीतली पोरं 'कांदे-वांदे' करत दारावरून पळायची. पोरांना काय कळतं, त्यांना जुळणी आवडली होती.

अशात एक दिवस दारात जीप थांबली. आतून इंद्रभान उतरला. गावच्याच मोठ्या घरचा, नागपुरात वकिली शिकून आलेला, आमदारकीला अपक्ष उभा राहायच्या तयारीत असलेला. त्यानं पोळ्यात झडती ऐकली होती. तो ओट्यावर मांडी घालून बसला, चहा प्यायला, आणि म्हणाला, "हबीबभाई, माह्याजवळ पैसा हाये, मानसं हायेत. तुमच्यासारखी गोष्ट नाही. मारोतरावाच्या मानसाले पाडायचं असन त भाषणानं नाही होत. तुमी माह्यासंगं चला."

हबीब सुईत दोरा ओवत राहिला. मग इंद्रभान आवाज खाली आणून म्हणाला, "नागपूरले डॉक्टर हाये. कापलेलं पुन्हा जोडून देते. खर्च मोठा हाये, पन तो माहा. निवडून येऊ द्या, हप्त्याभरात तुमाले घेऊन जातो. आईची शपथ."

आतल्या दारात शाहजादी उभी होती. ती कधी आली ते कुणाला कळलं नाही. इंद्रभान गेल्यावर तिनं कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं. "खरंच जोडते काय हो?"

"वकील मानूस हाये. खोटं काहून बोलन?"

वकिलाबद्दल असं वाक्य बोरखडकीत फक्त हबीबच बोलू शकत होता. शाहजादी बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं भुई उकरत राहिली. "मंग म्हना," ती म्हणाली. "घ्या माह्यं नाव. लेकरू होत असन त जगभर घ्या."

हबीब गावोगाव फिरला. अनसिंगला बाजाराच्या दिवशी, कारंज्यात कापसाच्या गाड्यांपुढे, नदीकाठच्या खेड्यांत. इंद्रभान आधी दहा मिनिटं बोलायचा, मग म्हणायचा, "आता मी गप्प बसतो, तुमी या मानसाले पाहा." हबीब पुढे व्हायचा. पहिल्या काही सभांत पाळण्याशी आला की त्याचा गळा खरंच दाटायचा, शब्द अडायचा, आणि गर्दी अगदी निश्चल व्हायची. मग रोज म्हणून म्हणून गळा दाटेनासा झाला. एका रात्री जीपमध्ये इंद्रभान त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हबीबभाई, आज पाळन्यापाशी थांबले नाही तुमी. थांबत जा जरा. लोक तिथंच मत देते." दुसऱ्या दिवसापासून हबीब थांबू लागला. शाहजादीचा पाळना, असं म्हणायचं, खाली पाहायचं, एक मोठा श्वास घ्यायचा, मग रिकामा. पहिल्यांदा असा थांबला त्या रात्री त्याला स्वतःची किळस आली. पण नागपूरचा डॉक्टर डोळ्यांपुढे होता, म्हणून त्यानं ती गिळली.

इंद्रभान निवडून आला. गुलाल उधळला, हबीबला लोकांनी खांद्यावर घेतलं, आणि घरी शाहजादीनं पाळणा खाली उतरवून त्याला नवे गोंडे लावायला काढले.

मग जे व्हायचं ते झालं. हबीब आमदाराच्या वाड्यावर गेला की इंद्रभानभाऊ मुंबईला. मुंबईहून आले की भाऊ बैठकीत. बैठकीतून उठले की भाऊ दमलेले. इंद्रभानचे कार्यकर्ते हबीबला चहा द्यायचे, बसवून घ्यायचे, आणि पाहुण्यांना सांगायचे, हाच तो झडतीवाला. शेवटी एकदा भेट झाली. इंद्रभान प्रेमानंच बोलला. "विचारलं मी डॉक्टरले. तो म्हनते, या वयात काही भरवसा नाही. कायले चिरफाड करून घेता पुन्हा?" हबीब म्हणाला, "भाऊ, एकदा पाहून त घेऊ." इंद्रभान म्हणाला, "पाहू ना. पोळा होऊन जाऊ द्या." आणि जीपमध्ये बसला. मागच्या सीटवर मारोतराव बसलेले होते. निवडणुकीनंतर दोघांचं जमलं होतं. राजकारणात असं जमतं, त्याला कुणी नवल म्हणत नाही.

हबीबनं हे घरी सांगितलं नाही. पोळा होऊन जाऊ द्या, एवढंच सांगितलं. आणि तो पुन्हा ओळी जुळवू लागला. त्याच्याजवळ दुसरं हत्यार नव्हतं. बापाला झडतीनं वाचवलं होतं, आपल्यालाही वाचवेल. भर पोळ्यात आमदाराला दिलेल्या शपथेची आठवण करून द्यायची, गावाची आरोळी मिळवायची, मग कसा नाही नेत नागपूरला, पाहू.

पोळ्याच्या दिवशी तोरणापाशी मांडव घातला होता, कर्णे लावले होते. इंद्रभान आणि मारोतराव शेजारी शेजारी खुर्च्यांवर, दोघांच्याही गळ्यात हार. हबीब पुढे झाला. त्यानं सुरुवात केली:

"काल दोन बैल भांडले, तुडवली आमची तूर,
आज एकाच गव्हाणीत चरते, आमच्या डोळ्यात धूर..."

कुठंतरी एक हसू फुटलं आणि लगेच दबलं. लोकांनी खुर्च्यांकडे पाहिलं. गावाच्या पाझर तलावाचं काम इंद्रभानच्या हातात होतं, दोघा-तिघांच्या पोरांच्या नोकऱ्या मारोतरावांच्या. हबीब पुढच्या ओळीला तोंड उघडणार, इतक्यात इंद्रभान उठला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मोठं हसू होतं. त्यानं माईक हातात घेतला आणि म्हणाला, "अरे हबीबभाई, हे राहू द्या ना. आपली ती म्हना! ती! काय रे गावकरी, कोन्ती पाह्यजे?"

"ती! ती! पाळन्याची!" गाव ओरडलं. त्यांची सुटका झाली होती. इंद्रभाननं स्वतःच सुरुवात केली, बाजारात गेलो होतो, आणि सगळं गाव त्याच्या मागून म्हणू लागलं. म्हातारे, तरणे, कडेवरची पोरं. सगळ्यांना पाठ होती. मारोतराव गुडघ्यावर ताल धरून म्हणत होते, ज्यांचा ट्रक होता ते. 'शाहजादीचा पाळना' म्हणून सगळं गाव थांबलं, खाली पाहिलं, एक मोठा श्वास घेतला, आणि मग 'रिकामा' म्हणालं. हबीब जिथं थांबायला शिकला होता अगदी तिथं. आरोळी अशी उठली की कर्णे कुई करून वाजले. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. लोकांनी त्याची पाठ थोपटली, कपाळाला गुलाल लावला. हबीब त्यांच्यात उभा राहिला आणि त्याला कळलं की आता आपल्याजवळ सांगण्यासारखं काहीच उरलेलं नाही. होतं ते सगळं यांनी नेलं होतं.

कर्ण्याचा आवाज घरापर्यंत जात होता. तो परतला तेव्हा शाहजादी गोंडे लावलेल्या पाळण्याशेजारी बसली होती.

"डॉक्टर नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही."

ती रडली नाही. "मले लेकरू नको आता," ती म्हणाली. "माह्यं नाव तेवढं परत आना त्या लोकायपासून. ते मले माह्या बापानं देल्लं होतं. मी ते तुमाले लेकरासाठी देल्लं, त्या भड्व्यायले गानं म्हनाले नाही."

हबीब तिथंच भिंतीला टेकून खाली बसला. मग म्हणाला, "माफ कर मले." ती म्हणाली, "माफ केलं. पन इथं नाही राहनार."

महिन्याभरात त्यांनी बोरखडकी सोडली. कारंज्यात शाहजादीचा भाऊ फय्याज पिंजाऱ्याचं काम करायचा, त्याच्या ओसरीत दोघं राहू लागले. हबीब गाद्या शिवू लागला. गादी शिवणाऱ्याला कुणी ओळी मागत नाही. शाहजादीला त्या मोहल्ल्यात सगळे फय्याजची आपा म्हणत, आणि ती हळूहळू बोलायला लागली, एखादवेळी जुन्यासारखी फटकळही.

पुढल्या पोळ्याला मात्र हबीबला राहवलं नाही. कुणासाठी म्हणून नाही, पाच-सहा झुली शिवून ठेवल्या होत्या त्या विकायचं निमित्त करून तो एसटीनं बोरखडकीला गेला. तोरणापाशी गेला नाही. लांब चहाच्या टपरीमागे उभा राहिला. झडत्या सुरू झाल्या. चार झाल्या, पाच झाल्या, आणि मग कुण्या तरण्यानं 'बाजारात गेलो होतो' सुरू केली. गावानं ती उचलली. 'हबीब ठेचला' च्या जागी पोरं आता 'गरीब ठेचला' म्हणत होती. तेही जुळत होतं.

टपरीवर एक नवा जावई बसला होता, शेजारी त्याचा मेहुणा. जावयानं विचारलं, "ही शाहजादी कोन हो? तुमच्या गावची हाये काय?"

मेहुणा बशीतला चहा फुंकत म्हणाला, "कोनी नाही जी. झडतीतली हाये."

हबीबनं झुली तशाच खांद्यावर टाकल्या आणि परतीची एसटी धरली. कारंज्याला पोचेपर्यंत काळोख झाला होता. शाहजादीनं झुली पाहिल्या. तो कुठं गेला होता हे तिनं ओळखलं. ताट वाढता वाढता तिनं विचारलं, "काय म्हनते गाव?"

खोटं बोलावं असं त्याच्या मनात आलं. पण तिच्याशी खोटं बोलायचा हक्क आपण केव्हाच गमावला आहे, असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "तुले तिथं आता कोनी ओळखत नाही. तू होतीस हेच कोनाले ठाऊक नाही."

"मंग बरं झालं," शाहजादी म्हणाली. तिनं भाकरी त्याच्या ताटात ठेवली, पाण्याचा तांब्या सरकवला. आणि मग चुलीपुढे बसून ती रडायला लागली, शाळेतून तो डबा घेऊन आला त्या दिवशीही ती तशी रडली नव्हती. हबीब जेवला नाही. फय्याजनं बाहेरून विचारलं, "क्या हुआ आपा?" तर ती म्हणाली, "कुछ नहीं, धुआँ है."